भाऊकाकांचा स्टिरिओ कॅमेरा चालू करताना

ठाण्यातल्या नौपाड्यातली आत्याची इमारत पुनर्विकासाला जाणार, हे गेली सहा वर्षं ऐकत होते. २०२३ च्या दिवाळीत मात्र खरंच करारावर सह्या झाल्या आणि ३१ मे २०२४ पर्यंत घर रिकामं करायचं ठरलं. भाऊबीजेला गेले तर आत्या माळ्यावरचं सामान खाली काढत होती. पितळी घंगाळ, तीन बंब, पाळण्याच्या कड्या, आणि सगळ्यात शेवटी चामड्याची एक जड पेटी. आत्या म्हणाली, "हे भाऊकाकांचं. तुला फोटोचं वेड आहे ना, तूच ने. नाहीतर भंगारवाल्याला जाईल."

भाऊकाका म्हणजे बाबांचे काका. बोटीवर इंजिनियर होते. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलं होतं: न्यूयॉर्क, १९५४. आत दोन डोळ्यांचा कॅमेरा, काळा दुर्बिणीसारखा व्ह्यूअर आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या साठेक स्लाइड्स. प्रत्येक चौकटीत दोन चित्रं, दिसायला अगदी सारखी.

लहानपणी लाल रंगाचा व्ह्यूमास्टर ज्यांनी डोळ्याला लावलाय त्यांना जास्त सांगायला नको. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला किंचित बाजूने घेतलेलं दुसरं, आणि मेंदू दोन्ही जुळवून खोली तयार करतो. ही गोष्ट व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्येच आरसे लावून दाखवली होती, म्हणजे फोटोग्राफी लोकांसमोर येण्याच्याही आधी. भाऊकाकांचा कॅमेरा 'स्टिरिओ रिअलिस्ट', मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणलेला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हाच कॅमेरा वापरत, हे कळल्यावर आत्याच्या यजमानांचा त्या पेटीबद्दलचा आदर अचानक वाढला.

माझ्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं. घर पडायच्या आत ते घर याच कॅमेऱ्याने टिपायचं. साडेसहा महिने हातात होते. भरपूर वाटले.

सुरुवात व्ह्यूअरपासून केली, कारण तोच सोपा वाटला. आत दोन मोठे सेल बसतात आणि वरचं लाल बटण दाबलं की दिवा लागतो. झाकण उघडलं तर कुठल्याशा काळातले सेल फुटून आत पांढरी-हिरवी पावडर झालेली. जुने साधे सेल गळले की त्यांचा द्राव आम्लधर्मी असतो, म्हणून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टूथब्रशने घासलं. अल्कलाइन सेल गळला असेल तर याच्या उलट, व्हिनेगर वापरायचं. वाळू दिलं, बारीक पॉलिश पेपर फिरवला, नवे सेल घातले, टॉर्चचा छोटा दिवा बसवला. लागला! भाऊकाकांची पहिली स्लाइड घातली: जहाजाचा कठडा, त्याला टेकलेले गोरे-काळे खलाशी, मागे बंदर. कठडा इतका पुढे आला की मी हात मागे घेतला. चित्र अंधारलेलं, पिवळसर होतं. सत्तर वर्षांच्या स्लाइड्स, काळवंडणारच, असं म्हणून मी पुढच्या स्लाइडकडे वळले.

हे वाक्य लक्षात ठेवा. यानेच पुढे माझे साडेतीन हजार रुपये आणि एक गुढीपाडवा खाल्ला.

कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी होती. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, दोन्ही भिंगांत. आपल्या दमट हवेत चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या भिंगाला बुरशी न लागली तरच नवल. ठाण्यात दोघांनी हात लावायला नकार दिला. तिसऱ्याने फोर्टातल्या बोरा बाजाराकडच्या एका जुन्या कारागिराचा पत्ता दिला. २० नोव्हेंबरला कॅमेरा त्यांच्या हवाली केला. त्यांनी उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाले, "फंगस निकल जायेगा. लेकिन स्पीड नये जैसा नहीं मिलेगा, ये ध्यान में रखना." साडेचार हजार, अर्धे आगाऊ. "दो हफ्ते" म्हणाले होते, मिळाला १२ जानेवारीला. मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तो "कल" तयार होत होता. काम मात्र चोख केलं, भिंगं लख्ख. तेव्हापासून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो. आपल्याकडे पावसाळ्यात याला पर्याय नाही.

त्यांचं शटरच्या स्पीडबद्दलचं बोलणं मी गांभीर्याने घेतलं, कारण मला वापरायची होती स्लाइड फिल्म. फिल्मवर कधी काम न केलेल्यांसाठी दोन शब्द. निगेटिव्ह फिल्म मनाने मोठी असते. उजेड दुप्पट काय, चौपट पडला तरी प्रिंट काढताना सावरून घेते. स्लाइडमध्ये प्रिंट हा टप्पाच नाही, कॅमेऱ्यातली फिल्म धुतली की तीच अंतिम चित्र. उजेडाच्या दुप्पट-निमपटीला आपण स्टॉप म्हणतो, आणि स्लाइडला जेमतेम अर्धा स्टॉप इकडेतिकडे चालतो. त्यातही कमी पडला तर रंग गडद होतात, पण काहीतरी उरतं. जास्त पडला तर पांढऱ्या भागात चित्रच राहत नाही, नुसतं पारदर्शक प्लास्टिक.

मग शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, किती वेळ उघडं राहतं ते मोजणं आलं. मागचं झाकण उघडं ठेवून, समोर टॉर्च लावून, फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं स्लो मोशन चित्रण केलं. शटर किती चौकटींत उघडं दिसतं ते मोजायचं. १/५० सेकंदाला पाच चौकटी यायला हव्यात, आल्या सहा. म्हणजे प्रत्यक्षात १/४०. पण १/१५० साठी हा उपाय कुचकामी, कारण तिथे दीड-दोन चौकटींचाच खेळ. शेजारच्या इंजिनियरिंगच्या पोराने युक्ती सांगितली: पंचवीस रुपयांचा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड ओळखणारा बारीक पुर्जा, घ्यायचा, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडायचा, भिंगामागे धरायचा आणि शटर दाबून आवाजासारखं रेकॉर्ड करायचं. पडद्यावर एक टेकाड उमटतं, त्याची रुंदी म्हणजे शटरचा वेळ. दहा वेळा केलं. अकरा मिलिसेकंद. म्हणजे १/१५० असं लिहिलेलं शटर खरं १/९० ने चालत होतं. डावं-उजवं जवळपास सारखं निघालं, हे नशीब. दोन बाजूंना वेगळा उजेड पडला असता तर व्ह्यूअरमध्ये चित्र चमचमतं आणि डोळे दुखतात.

आणि शटरचा हा आळस माझ्या पथ्यावर पडला. कडक उन्हाचा जुना नियम आहे: भिंगाचं छिद्र १६ वर ठेवा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, म्हणजे ती उजेड किती पटकन टिपते त्या आकड्याइतकं. शंभरच्या फिल्मला १/१००. माझं १/१५० हे खरं १/९० असल्याने मला फक्त १६ लावायचं, बास. स्टिरिओत तसंही छिद्र लहान ठेवावंच लागतं. साध्या फोटोत मागचं धूसर छान दिसतं, इथे डोळा खोलीत फिरायला जातो आणि धूसर भागाशी जाऊन अडखळतो.

पेटीत भाऊकाकांचा एक कागदही होता, घडीवर फाटलेला. 'कडक ऊन, १/५०, ५.६ व ८ चे मध्ये. ढग, ३.५.' आधी मला वाटलं चुकीचं लिहिलंय. मग उमगलं, त्या काळातल्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्मचा वेग होता फक्त १०! माझ्या फिल्मच्या वेगाचा दहावा भाग. गणित करून बघितलं तर त्यांचा आकडा सोळाच्या नियमाला तंतोतंत बसत होता. बोटीच्या इंजिनरूममधला माणूस, आकड्यात कसा चुकेल?

पहिला रोल निगेटिव्हचा घेतला, कॅमेरा उजेड गळतो का ते बघायला. फिल्म ६५० रुपये, धुणं ३५०. २० आणि २१ जानेवारीला पाचपाखाडी ते कचराळी तलाव असं भटकत संपवला. इथे पहिली चूक. हा कॅमेरा नेहमीसारखी ३६ मिलिमीटर रुंद चौकट काढत नाही. चौकट अरुंद असते, आणि एका जोडीतली दोन चित्रं फिल्मवर शेजारी नसतात, त्यांच्यामध्ये दुसऱ्या जोड्यांची दोन चित्रं घुसलेली असतात. लॅबमध्ये हे सांगायला मी विसरले. त्यांनी नेहमीच्या मापाने सहा-सहाच्या पट्ट्या केल्या आणि चार चित्रं मधोमध कापली गेली. त्यांचा दोष नाही. तेव्हापासून रोलच्या डबीवर लाल स्केचपेनने लिहिते, 'कापू नका. माऊंट करू नका. अख्खी गुंडाळी द्या.' आणि तोंडीही सांगते. आणि पावतीवरही लिहून घेते.

पुढचे धडे पटापट मिळाले. तीन ठिकाणी एका भिंगापुढे माझं बोट. कॅमेरा रुंद, भिंगं अगदी कडेला, बोटं आपोआप पुढे येतात. दोन चौकटी कोऱ्या, कारण भिंगाखालची खिट्टी दर वेळी हाताने ओढून शटर चढवावं लागतं आणि मी विसरले. बाकी निगेटिव्ह एकदम छान! त्या छानपणातून एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडला त्याबद्दल, काहीच कळत नाही, हे वर सांगितलंच.

दरम्यान २४ जानेवारीला पुठ्ठ्याचे स्टिरिओ माऊंट परदेशातून मागवले, कारण ४१ बाय १०१ मिलिमीटरची ही चौकट इथे कुठेच मिळेना. शंभर नग, टपालासकट साधारण ४,२०० रुपये. दहा दिवसांत पार्सल मुंबईत आलं आणि ट्रॅकिंगवर 'कस्टम्सकडे थांबवले आहे' असं दिसू लागलं. दिसतच राहिलं. १५ फेब्रुवारीला पत्र आलं: ओळखपत्राची प्रत, खरेदीचं बिल, पैसे दिल्याचा पुरावा, आणि वस्तू कशासाठी हे लेखी द्या. मी बँकेत काम करते, कागद मागणाऱ्यांवर रागावायचा मला नैतिक अधिकार नाही. पण 'छायाचित्रासाठी पुठ्ठ्याच्या चौकटी' हे वाक्य त्यांना पटेना. फोनवर एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे फोटोफ्रेम का? काच आहे का त्यात?" शेवटी मी एका माऊंटचा फोटो, हातात स्लाइड आणि शेजारी मापपट्टी असा काढून पाठवला. तो चालला. त्यामुळे तुम्हाला सांगते, असं काही मागवणार असाल तर विक्रेत्याला वस्तूचं वर्णन साध्या शब्दांत पार्सलवर लिहायला सांगा, बिलाची प्रत आतही आणि बाहेरही लावायला सांगा, आणि सही केलेलं 'वैयक्तिक वापरासाठी' पत्र आधीच स्कॅन करून ठेवा. २ मार्चला पोस्टमनदादा आले. ड्युटी १,६८० रुपये, रोख. एकूण ३८ दिवस.

तोवर पहिला खरा रोल होऊन गेला होता. एक्टाक्रोम ई १००, छत्तीसचा, २,४०० रुपयांना. कोडॅकने २०१२ मध्ये बंद करून २०१८ मध्ये परत आणलेली ही फिल्म. भाऊकाकांची कोडाक्रोम मात्र कायमची गेली. २००९ मध्ये उत्पादन थांबलं आणि ती धुणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, २०१० संपताना थांबली. आज कुणाला कपाटात न धुतलेली कोडाक्रोम सापडली तरी तिचे रंग काढून देणारी लॅब उरलेली नाही. एक्टाक्रोम धुण्याची ई-६ प्रक्रिया मुंबईत होते, पण रोज नाही. रोल साठले की पंधरवड्यातून एकदा रसायनं तयार करतात. फोन करून 'पुढची बॅच कधी' हे विचारल्याशिवाय जाऊ नका. धुण्याचे ११००. छत्तीसच्या रोलमध्ये जोड्या निघतात अठ्ठावीस, म्हणजे एक चित्र सव्वाशे रुपयांना पडत होतं. बटण दाबताना हात आपोआप जड व्हायचा.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवली होती, लिंबाच्या लोणच्याच्या मागे. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढून ठेवायची, डबी बंदच, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी सकाळी मासुंदा तलाव, उपवन, येऊरच्या पायथ्याची वाट. स्टिरिओत जवळचं काहीतरी हवं: फांदी, कठडा, नांगरलेली होडी. पण फार जवळही नको. दोन भिंगांमधलं अंतर सात सेंटिमीटर, त्याच्या तीसपट, म्हणजे दोन मीटरहून पुढे सगळं असावं, नाहीतर दोन चित्रं डोळ्यांना जुळवता येत नाहीत. उजेडाचं रीडिंग फोनवरच्या मीटरने तळहातावरून घेत होते. तळहात मीटर ज्याला प्रमाण धरतो त्या करड्या कार्डापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून रीडिंगपेक्षा एक स्टॉप उघडायचा. उन्हात हे उत्तर सोळाच्या नियमाशी जुळत होतं. सगळं वहीत: जोडी क्रमांक, वेळ, छिद्र, शटर, ऊन कुठून. बँकेची सवय, लेजर लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

१० फेब्रुवारीला रोल दिला, २४ ला मिळाला. खिडकीशी धरून बघितला तर बरा वाटला. ३ मार्चला, रविवारी, माऊंट करायला बसले. सुती हातमोजे, पेपर कटर, चिमटा, हवा मारायचा रबरी फुगा. पंखा बंद, कारण धुळीचा एक कण व्ह्यूअरमध्ये हवेत तरंगणाऱ्या कापसासारखा दिसतो. पहिली सहा चित्रं बसवली आणि बघितलं तर मासुंदा तलावाजवळच्या कोपिनेश्वराच्या देवळाचा कळस मागच्या इमारतीच्याही मागे गेलेला! पुढचं मागे, मागचं पुढे. डोकं गरगरलं. झालं असं होतं की भिंग चित्र उलटं पाडतं. फिल्म सुलट करायला आपण अख्खी पट्टी फिरवतो तेव्हा डावं चित्र उजवीकडे जाऊन बसतं. कापल्यावर त्यांची अदलाबदल करावीच लागते. आता मी कापायच्या आधी कडेच्या छिद्रांच्या पट्टीवर बारीक 'डा' आणि 'उ' लिहिते. वर-खालीही केसाएवढा फरक चालत नाही, डोळे तो खेचून जुळवतात आणि संध्याकाळी कपाळ दुखतं.

सहाही काढून परत बसवली. लाल बटण दाबलं. खोली आली, कळस जागेवर आला, आणि सगळं अंधारलेलं. पाणी काळपट, झाडं शेवाळी, माणसांचे चेहरे सावळ्याचे कोळशासारखे. स्पष्ट होतं, उजेड कमी पडलाय. निदान एक स्टॉप, कदाचित दीड. खिडकीशी बरा वाटला होता हे आठवलं, पण आभाळाचा उजेड म्हणजे किती प्रखर, त्यात काहीही बरंच दिसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. पंचवीस रुपयांच्या त्या पुर्ज्यावर विश्वास ठेवला हेच चुकलं, असं ठरवलं. वहीत लाल शाईने लिहिलं: 'यापुढे एक स्टॉप जास्त.'

दुसरा रोल ९ एप्रिलला, गुढीपाडव्याला. ठाण्याची स्वागतयात्रा स्टिरिओत घ्यायची म्हणून मी पहाटे साडेपाचला उठून राम मारुती रोडवर जागा धरली. कोपिनेश्वराची पालखी, लेझीम, ढोलताशे, नऊवारीतल्या बायका बुलेटवर, लहान पोरं फेटे सावरत. उन्हात सगळीकडे १६ च्या जागी ११. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जोड्या दोन तासांत संपल्या. असं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

२७ एप्रिलला लॅबमध्ये गेले. रोल देणाऱ्या काकांनी तो उजेडाच्या टेबलावर पसरला, भिंग लावून पाहिलं आणि जीभ चावली. "ताई, हा जळलाय की. मागचा रोल तुमचाच ना? तो एकदम बरोबर होता."

मी म्हटलं, मागचा तर काळा होता.

"कोण म्हणतं? मी धुतला ना तो. तुम्ही बघता कशात?"

मी व्ह्यूअरबद्दल सांगितलं. ते म्हणाले, त्यात दुसऱ्या कुणाचा चांगला रोल घालून बघा. म्हटलं आहेत ना, जुन्या कोडाक्रोम, पण त्याही आता वयाने काळवंडल्यात. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, स्लाइड म्हातारी झाली तर रंग उडतो. रंग उडाला की फिकट होते. काळी कशी होईल?"

मी लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभी होते, बसायला जागा असूनही. पुरावा भाऊबीजेच्या आठवड्यापासून माझ्या हातात होता. साठ स्लाइड्स, आकड्यात न चुकणाऱ्या माणसाने काढलेल्या, अंधारात ठेवल्या तर ज्यांचे रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतात अशा फिल्मवरच्या. त्या काळ्या दिसल्या आणि मी दोष त्यांच्या वयाला दिला.

घरी आल्यावर शेजारच्या पोराचा मल्टिमीटर आणला. दिवा लावून मोजलं: सेलच्या टोकांना २.९ व्होल्ट, दिव्याच्या टोकांना २.१. मधले ०.८ कुठे गेले? त्या गंजलेल्या पत्र्याच्या पट्टीत. मी वरून घासली होती, पण रिव्हेटच्या खाली गंज तसाच होता. आणि तारेचा दिवा व्होल्टेजला फार हळवा. दाब पाऊण झाला की उजेड पाऊण होत नाही, तिसरा हिस्साच उरतो. तिसरा हिस्सा म्हणजे साधारण दीड स्टॉप. माझा 'कदाचित दीड'. शिवाय दिवा मंदावला की पिवळा पडतो, त्यामुळे पाणी काळपट आणि झाडं शेवाळी.

जांभळी नाक्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून साठ रुपयांची पितळी पट्टी आणली, जुनी काढून टाकली, तार थेट डागली. दिव्याजवळ २.८. एलईडी लावायचा मोह झाला होता, दुकानदारही तेच सुचवत होता. पण घरात होता तो लावून बघितला तर चेहरे निळसर, म्हणून साधाच दिवा ठेवला.

आधी भाऊकाकांची खलाशांची स्लाइड घातली. कठड्याचा पांढरा रंग उजळला, मागच्या बंदरावरच्या पाट्या वाचता आल्या. मग एक, जी मी अंधारात नीट बघितलीच नव्हती: मासुंदा तलाव, कळस, आणि त्याच्या मागे नुसती झाडं. एकही इमारत नाही. मग माझा फेब्रुवारीचा रोल. लॅबवाल्या काकांचं बरोबर होतं, उपवनच्या पाण्यात आभाळाचा निळा होता, होडीच्या लाकडाची रेषन्‌रेष दिसत होती. आणि शेवटी पाडवा. फेट्यांच्या जागी पांढरी भोकं. गुढ्यांवरचे तांबे चकचकीत असतील, सांगता येत नाही, तिथे काहीच नाही. कागदाच्या कपट्यांसारख्या टोप्या रस्त्यावर तरंगत होत्या, खाली माणसं. आठ-नऊ जोड्या सावलीतल्या होत्या, त्या जेमतेम वाचल्या. तिथेही मी एक स्टॉप जास्त दिला होता, पण पांढरं काही नव्हतं.

तिसरा रोल घरासाठी. लॅबची पुढची बॅच ११ मेला, म्हणजे त्याआधी. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचं ऊन बरोबर डोक्यावर येतं, सावली पायाखाली, आणि बाहेरच्या अंगणात आणि आतल्या खोलीत चार-पाच स्टॉपचा फरक. स्लाइडला तो झेपत नाही. आत्याची गॅलरी पूर्वेला आहे. ४ आणि ५ मे, दोन्ही दिवस सकाळी साडेसात ते नऊ, जेव्हा ऊन तिरकं होऊन गॅलरीतून खोलीपर्यंत येतं. आत तिपाई लावून अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर. वहीतली लाल शाई खोडली, सोळाचा नियम परत. ज्या जोडीत पांढरी भिंत उन्हात होती तिथे भिंतीसाठी मोजलं आणि कोपरे अंधारात जाऊ दिले. महत्त्वाच्या चार चित्रांसाठी अर्धा स्टॉप वर आणि अर्धा खाली अशाही जोड्या घेतल्या, हजार रुपयांचा फाटा फुटला तर फुटला. एवढ्यात कॅमेऱ्यापासून सगळं धरून बावीस हजारांच्या आसपास गेले होते, हे घरी मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

२५ मेला रोल मिळाला. काकांनी टेबलावर पसरला आणि काही बोलले नाहीत, फक्त पावती फाडली. मी ते चांगलं लक्षण मानलं.

रात्री बारापर्यंत माऊंट केले आणि रविवारी नौपाड्यात गेले. घर अर्धं खोक्यांत गेलं होतं, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग. आत्याला गॅलरीतल्या खुर्चीवर बसवलं, व्ह्यूअर हातात दिला, दोन भिंगांमधलं अंतर तिच्या डोळ्यांना जुळवलं आणि लाल बटण कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. तिने बराच वेळ खाली ठेवला नाही. कठड्याचं जाळीकाम, त्यापलीकडे शेवग्याचं झाड, त्याच्याही पलीकडे समोरच्यांची खिडकी, हे सगळं ती बसली होती तिथूनच, डोळ्यांनीही दिसत होतं.

"अगं," ती म्हणाली, "दोरीवरचे कपडे तरी काढायचे होतेस. यांचा बनियन केवढा पुढे आलाय."